धानाच्या पऱ्ह्यांना नत्र: एका एकराच्या रोपवाटिकेचा हिशेब

कोरपना तालुका कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. धान इथे थोडा, आणि तोही खोलगट, पाणी धरून ठेवणाऱ्या बांध्यांमध्ये. चंद्रपूर जिल्ह्याचा खरा धानपट्टा पूर्वेला आहे: मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी. तिथून वैनगंगा ओलांडली की गडचिरोलीतील आरमोरी, देसाईगंज, कुरखेडा. त्या बाजूला घराघरात पऱ्हे टाकण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव आहे. कोरपना, राजुऱ्याकडे ज्यांनी पाण्याची सोय झाली म्हणून दोन-चार बांध्या धानाखाली आणल्या, त्यांच्या हाताला मात्र कपाशीच्या खताचा अंदाज बसलेला असतो. पऱ्ह्यांना तो अंदाज चालत नाही. ही माहिती मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. पूर्वेकडच्या शेतकऱ्यालाही रुपयांचा हिशेब उपयोगी पडेल.

आधी मुद्द्याचे. पऱ्ह्यांना लागणारे नत्र हा धानाच्या अख्ख्या खर्चातला सर्वांत स्वस्त भाग आहे. एका एकराच्या रोपवाटिकेला लागणारा युरिया पन्नास-बावन्न रुपयांत येतो. म्हणून युरियात काटकसर करण्यात काही हाशील नाही, आणि स्वस्त आहे म्हणून ओंजळी भरभरून फेकण्यात तर सरळ नुकसान आहे. पैसा घालायचा तो कुजलेल्या शेणखतावर, आणि डोके लावायचे ते वेळेवर.

जागा किती आणि माप काय

रोवणीसाठी एकूण क्षेत्राच्या एक दशांश जागा पऱ्ह्यांना लागते. एकराचे गुंठे चाळीस, म्हणजे रोपवाटिका चार गुंठ्यांची. बियाणे साधारण १५ ते २० किलो, म्हणजे गुंठ्याला चार ते पाच किलो. यापेक्षा दाट पेरले तर पऱ्हे बारीक, पिवळट आणि उंच होतात, आणि मग ती पिवळाई युरियाने घालवण्याचा मोह होतो. दाटीचा दोष खताने जात नाही.

मीटर-सव्वा मीटर रुंदीचे गादीवाफे करावेत, उंची वीतभरापेक्षा कमी, मधून पाणी काढण्याची नाली. गुंठ्याला अडीचशे किलो चांगले कुजलेले शेणखत मातीत मिसळावे. पेरताना गुंठ्याला ५०० ग्रॅम नत्र आणि ५०० ग्रॅम स्फुरद द्यावे. पंधरा दिवसांनी आणखी ५०० ग्रॅम नत्र. पालाश माती परीक्षणात कमी दाखवले तरच. आपल्या काळ्या जमिनीत ते बहुधा पुरेसे असते.

हे आता दुकानाच्या भाषेत मांडू. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणून ५०० ग्रॅम नत्रासाठी युरिया लागतो एक किलो आणि वर जेमतेम नव्वद ग्रॅम. चार गुंठ्यांना एका वेळी साडेचार किलोच्या आत, दोन्ही वेळचे मिळून ८.७ किलो. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद असते, म्हणून गुंठ्याला तीन किलोच्या थोडे वर, चार गुंठ्यांना साडेबारा किलो, म्हणजे पन्नास किलोच्या पोत्याचा बरोबर चौथा हिस्सा. हे सगळे वजनकाट्यावर मोजून, गुंठ्यागणिक वेगळ्या पिशव्या बांधून शेतावर न्यावे. मुठीचा भरवसा धरू नये, कारण एवढ्याशा जागेत अर्ध्या किलोची चूकसुद्धा मोठी ठरते.

किती रुपये

नीमलेपित युरियाचे ४५ किलोचे पोते छापील २६६ रुपये ५० पैशांना मिळते. २०१८ पर्यंत पोते पन्नास किलोचे होते, तेव्हापासून पंचेचाळीसचे आहे. जुन्या सवयीने ‘पोतेभर’ म्हणून मोजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. किलोला पडले ५ रुपये ९२ पैसे, आणि एका किलो नत्राला १२ रुपये ८७ पैसे. ८.७ किलो युरियाचे झाले साडेएकावन्न रुपये.

सुपर फॉस्फेटचा भाव कंपनीगणिक बदलतो. पोते ५५० रुपयांना मिळाले असे धरले, तर साडेबारा किलोचे १३७ रुपये ५० पैसे. दोन्ही मिळून रासायनिक खताचा खर्च १८९ रुपये.

सुपर फॉस्फेटऐवजी डीएपी वापरायचे असेल तर पन्नास किलोचे पोते १,३५० रुपयांचे, म्हणजे किलोला २७ रुपये. चार गुंठ्यांच्या स्फुरदासाठी ४.३५ किलो डीएपी पुरते, त्याचे ११७ रुपये. त्यातच १८ टक्के नत्र असल्यामुळे पेरणीवेळी युरिया फक्त २.६५ किलो लागतो, सोळा रुपयांचा. पुढच्या हप्त्याच्या युरियाचे सव्वीस रुपये धरून एकूण १५९ रुपये. सुपर फॉस्फेटपेक्षा तीस रुपये कमी. पण सुपर फॉस्फेटबरोबर गंधक आणि कॅल्शियमही येते, आणि जूनमध्ये डीएपीसाठी दुकानांपुढे रांगा लागलेल्या असताना चार-साडेचार किलोसाठी अख्खे पोते धरून बसण्यात अर्थ नाही. मिळाले तर वापरा, नाही मिळाले तर अडून बसू नका.

तिसरा मार्ग २०:२०:०:१३ या खताचा. मापाच्या दृष्टीने हा सगळ्यांत सोपा: गुंठ्याला अडीच किलो टाकले की ५०० ग्रॅम नत्र आणि ५०० ग्रॅम स्फुरद एकाच फेकीत मिळते, शिवाय गंधकही. चार गुंठ्यांना दहा किलो. पोते १,३०० रुपयांचे धरले तर २६० रुपये, आणि पंधरा दिवसांनंतरचा युरिया वेगळा. शंभरेक रुपये जास्त जातात. पण चुनखडीच्या जमिनीत हे खत चांगले मानवते, आणि कोरपन्याची जमीन बऱ्याच ठिकाणी तशीच आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

‘८.७ किलोसाठी पोते फोडायचे, मग उरलेले कुठे ठेवायचे?’ असे विचारले जाते. ते वाया जात नाही. रोवणीनंतर मुख्य शेताला हेक्टरी १०० किलो नत्र धरले तर एकराला ८७ किलो युरिया लागतो. रोपवाटिका आणि शेत मिळून दोन पोत्यांच्या थोडे वर. पोते फळीवर, भिंतीपासून दूर, तोंड घट्ट बांधून ठेवावे. पावसाळ्यात उघड्या तोंडाचा युरिया ओल धरतो, गड्डे होतात आणि मग तो सारखा फेकला जात नाही.

शेणखताचा भाव आणि शेणखताचे काम

आता मोठ्या रकमेकडे येऊ. चार गुंठ्यांना एक टन शेणखत. घरचे असेल तर वाहतूक आणि पसरण्याची मजुरी तेवढी. विकत घ्यावे लागले आणि अडीच टनांची ट्रॉली तीन हजारांना पडली असे धरले, तर एका टनाचे १,२०० रुपये. तुमच्या गावात भाव वेगळा असेल. ट्रॉलीत खरोखर किती माल येतो ते पाहून भागाकार करा. ट्रॉली ओली असेल तर तुम्ही पाण्याचे पैसे देत असता.

शेणखतात नत्र अर्धा टक्का. म्हणजे एक किलो नत्रासाठी दोनशे किलो शेणखत, वरच्या भावाने २४० रुपये. गांडूळखतात दीड टक्का धरू. किलोला आठ रुपये भाव असेल तर नत्राचा किलो ५३३ रुपयांना पडतो. चांगल्या निंबोळी ढेपेत पाच टक्क्यांपर्यंत नत्र असते. तीस रुपये किलोने घेतली तर नत्राचा किलो ६०० रुपयांना. युरियाच्या तेरा रुपयांपुढे हे आकडे ठेवले की सेंद्रिय खत परवडत नाही असा निष्कर्ष कोणीही काढेल. तो अर्धाच खरा आहे.

खरा अर्धा असा: पऱ्हे जेमतेम एकवीस ते पंचवीस दिवस वाफ्यात असतात. शेणखतातले नत्र जिवाणूंनी मोकळे केल्याशिवाय रोपाला घेता येत नाही, आणि ते काम महिनोन्‌महिने चालते. एका हंगामातसुद्धा त्यातला थोडाच वाटा पिकाच्या हाती लागतो, मग तीन आठवड्यांत किती लागणार? म्हणून रोपवाटिकेचे सगळे नत्र शेणखतातून भागवायचे म्हणणे गणितात बसत नाही.

दुसरा अर्धा मात्र शेतकऱ्याला रोवणीच्या दिवशी कळतो. कोरपन्याची काळी, चिकण माती ओली असताना चिकटते आणि सुकली की दगड होते. शेणखत नसलेल्या वाफ्यातून पऱ्हे उपटताना मुळे तुटतात. तुटक्या मुळांचे पऱ्हे बांधीत गेल्यावर आठवडाभर पिवळे पडून उभे राहतात आणि नव्या मुळांसाठी साठवलेली ताकद खर्च करतात. शेणखत मातीला भुसभुशीत ठेवते, पाणी धरते आणि जास्तीचे निचरू देते. उपटणाऱ्या बायांचा वेळ वाचतो तो वेगळाच. रोपवाटिकेतल्या शेणखताचे बाराशे रुपये या कामासाठी असतात. त्यातून मिळणारे नत्र हा वरचा फायदा.

अट एकच: शेणखत कुजलेले हवे. काळपट, भुरभुरीत, शेणाचा वास गेलेले. ताजे शेण टाकले तर ते कुजवणारे जिवाणू उलट मातीतलेच नत्र ओढून घेतात आणि पऱ्हे पिवळे पडतात. त्याबरोबर तणाचे बी आणि हुमणीच्या अळ्या येतात. उन्हाळ्यातच उकिरड्यातला खालचा, मुरलेला थर रोपवाटिकेसाठी बाजूला काढून ठेवावा, वरचा कच्चा माल पुढच्या वर्षासाठी राहू द्यावा.

पूर्ण सेंद्रिय करणाऱ्यांसाठी

ज्यांना रासायनिक खत टाकायचेच नाही त्यांनी चार गुंठ्यांचे चार किलो नत्र गांडूळखतातून द्यायचे म्हटले तर २६७ किलो लागेल, आठ रुपये भावाने २,१०० रुपयांच्या वर. ढेपेतून द्यायचे तर ऐंशी किलो, २,४०० रुपये. दोन्हीतही सगळे नत्र तीन आठवड्यांत मोकळे होणार नाहीच.

यापेक्षा शहाणा मार्ग असा की शेणखत गुंठ्याला अडीचशेऐवजी चारशे किलोपर्यंत न्यावे, बी झाकायला वरून गांडूळखताचा पातळ थर द्यावा, आणि दहाव्या दिवसापासून गोमूत्र दहापट पाण्यात मिसळून आठवड्याला झारीने शिंपडावे. गोमूत्रातले नत्र बरेचसे युरियाच्याच रूपात असते, म्हणून ते लवकर लागू पडते. दहा लिटर गोमूत्रात शंभर ग्रॅमच्या आतबाहेर नत्र मिळते आणि त्याला पैसा पडत नाही. गोठ्याला फरशी आणि उतार मात्र हवा. निखळ गोमूत्र पानावर पडले तर टोके करपतात.

आणि पऱ्हे लहान वयात रोवावेत. धानाचे रोप तिसरे पान येईपर्यंत, म्हणजे साधारण दहा-बारा दिवस, बियाण्यातल्या शिदोरीवर जगते. श्री पद्धतीत बारा-चौदा दिवसांचे रोप एकेक लावतात, तिथे रोपवाटिकेला बाहेरचे नत्र जवळपास लागतच नाही. कुजलेले शेणखत पुरते. बियाणेही एकरी दोन-तीन किलोवर येते. पाण्याची खात्री आणि मन लावून काम करणारे मजूर असतील तर सेंद्रिय शेतकऱ्याला हीच पद्धत सर्वांत स्वस्त पडेल.

मोहाची ढेप आपल्या जंगलपट्ट्यात सहज मिळते म्हणून काहीजण ती वाफ्यात घालतात. तिच्यात नत्र कमी असते आणि त्यातले विषारी द्रव्य मासे मारते. बोडीच्या किंवा मामा तलावाच्या वरच्या अंगाला वाफे असतील तर ती टाकूच नये.

नॅनो युरियाची बाटली

अर्ध्या लिटरची बाटली २२५ रुपयांची. चार टक्के तीव्रतेच्या बाटलीत नत्र भरते वीस ग्रॅम. त्या हिशेबाने एक किलो नत्र ११,२५० रुपयांना पडते. नंतर आलेल्या वीस टक्के तीव्रतेच्या बाटलीत शंभर ग्रॅम धरले तरी २,२५० रुपये. शिवाय ही फवारणी पानांवाटे घ्यायची असते, आणि पंधरा दिवसांच्या पऱ्ह्यांना पाने अशी असतात किती? बहुतेक थेंब मातीवर जातात. रोपवाटिकेसाठी ही बाटली घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानदार युरियाच्या पोत्याबरोबर ती गळ्यात मारत असेल तर ‘नको’ म्हणण्याचा हक्क तुमचा आहे.

पिवळे पऱ्हे म्हणजे युरिया कमी, असे नाही

चुकीच्या खर्चाची सर्वांत मोठी जागा इथे आहे, म्हणून थोडे सविस्तर.

गडचांदूर, आवारपूर, उपरवाही इथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते जमिनीखालच्या चुनखडीमुळे. तीच चुनखडी तालुक्यातल्या बऱ्याच शेतांत मातीतही आहे. पांढरे खडे दिसतात, आणि मातीवर लिंबू पिळले तर फेस येतो. अशा जमिनीत लोह भरपूर असले तरी रोपाला घेता येत नाही. त्यात गादीवाफा उंच, कोरडा, हवेशीर. धानाला बांधीतल्या साचलेल्या पाण्यात लोह सहज मिळते, तसे इथे मिळत नाही. मग पऱ्हे पिवळे, कधी पांढरट पडतात. शेतकरी युरिया टाकतो. पऱ्हे हिरवे होत नाहीत. तो आणखी टाकतो.

ओळखायचे कसे? नत्र रोपात जुन्या पानातून नव्या पानाकडे सरकते, म्हणून नत्र कमी पडले की आधी खालची, जुनी पाने पिवळी होतात आणि शेंडा हिरवा राहतो. लोहाला असे सरकता येत नाही. ते कमी पडले की शेंड्याचे नवे पान आधी पिवळे-पांढरे होते आणि खालची पाने हिरवी राहतात. रोप हातात घेऊन एवढे पाहावे, मगच दुकानाकडे वळावे.

लोहाची कमतरता असेल तर पहिला उपाय फुकटचा आहे: नाल्यांतून पाणी चढवून वाफे दोन-तीन दिवस चिंब ठेवावेत. पाणी साचले की मातीतले लोह विरघळू लागते. तेवढ्याने भागले नाही तर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, दहा लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारावे आणि पाच-सात दिवसांनी पुन्हा फवारावे. हिराकस घेताना तो हिरवट असावा. तपकिरी झालेला कामाचा नाही. खालच्या पानांवर तपकिरी, गंजासारखे ठिपके असतील आणि वाढ खुंटली असेल तर ती जस्ताची कमतरता असू शकते. चुनखडीच्या जमिनीत तीही नेहमीची, आणि तिलाही युरिया औषध नाही.

जास्त युरियाचे बिल पुढे येते. नत्र खाऊन लुसलुशीत झालेल्या पऱ्ह्यांवर करपा चटकन बसतो, खोडकिडा आणि गादमाशी ओढली जाते. चंद्रपूर, गडचिरोलीत गादमाशी जुनीच आहे. पन्नास रुपयांच्या खताची चूक मग फवारणीच्या शेकडो रुपयांत भरावी लागते.

दुसरा हप्ता पंचांग पाहून देऊ नका

पंधराव्या दिवशी युरिया द्या हे खरे, पण रोवणीला पाणी येणार असेल तर. मामा तलावांच्या किंवा नुसत्या पावसाच्या भरवशावरच्या धानात पऱ्हे तयार आणि बांधी कोरडी, असे अनेक वर्षी होते. अशा वेळी युरिया दिला तर पऱ्हे वाफ्यातच ताडमाड वाढतात, कांड्या धरू लागतात, आणि चाळीस दिवसांचे रोप लावले की फुटवे कमी येतात. पाऊस दिसत नसेल तर दुसरा हप्ता राखून ठेवा. पाऊस पडून चिखलणीची तारीख ठरली की उपटण्याच्या पाच-सहा दिवस आधी तो द्या. पऱ्हे पुन्हा हिरवे होतात आणि नवी पांढरी मुळे धरतात. एचएमटी किंवा जय श्रीरामसारखे बारीक धान लावणाऱ्यांनी तर हे कसोशीने पाळावे. बारीक धानाला भाव चांगला, पण उंच वाढून लोळले तर तो भाव हाती येत नाही.

युरिया द्यायचा तो पानावरचे दव किंवा पावसाचे थेंब सुकल्यावर, शक्यतो संध्याकाळी, ओल्या मातीवर. त्यानंतर हलके पाणी द्यावे. चुनखडीच्या मातीवर उन्हात उघडा पडलेला युरिया अमोनिया होऊन हवेत जातो. वाफ्यात पाणी तुंबले असेल तर आधी काढून टाकावे. तण काढल्याशिवाय युरिया देऊ नये, नाहीतर तणच जोमाने वाढते.

विकत घेताना

युरिया, डीएपी, संयुक्त खते पॉस यंत्रावर आधार जुळवून मिळतात, म्हणून आधार सोबत न्यावे. पावती मागून घ्यावी आणि तीवर खताचे नाव, पोती, भाव तपासावा. छापील किमतीपेक्षा जास्त घेणे आणि युरियाबरोबर दुसरे काही घ्यायला लावणे याविरुद्ध तक्रार करता येते: पंचायत समितीचा कृषी अधिकारी किंवा तालुका कृषी अधिकारी कार्यालयात, लेखी, पावतीची प्रत जोडून. खताची गुणवत्ता आणि विक्री १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली येते. फोनवर सल्ला हवा असेल तर किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१, मराठीत बोलता येते.

माती परीक्षण करायचे असेल तर नमुना मे महिन्यात, शेणखत टाकण्याआधी घ्यावा. सामू, चुनखडी, लोह आणि जस्त या चार गोष्टी तपासून मागाव्यात. नत्र-स्फुरद-पालाशचा नुसता कागद रोपवाटिकेच्या कामाला अपुरा पडतो. धानाच्या जाती आणि रोपवाटिकेबद्दल अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे सिंदेवाही येथील संशोधन केंद्र आणि तिथलेच कृषी विज्ञान केंद्र ही जवळची जाणती ठिकाणे. कोरपन्याहून अंतर बरेच आहे, तेव्हा चार-पाच शेतकऱ्यांनी आपापले नमुने एकाच माणसाबरोबर पाठवले तर गाडीभाडे वाटून जाते.